रकाना

जून लागला, तरी सावलीत बर्फाची एक लादी शिल्लक.
थेन ओल्ड्रॉइड पहाटेच निघतो,
पिकअपमध्ये पक्कड, करवत, तारेचं भेंडोळं,
थर्मासात गरम कोको.
कॉफी त्यांच्यात चालत नाही.

फिश लेकच्या वर आठ फुटी जाळी.
आत सत्तेचाळीस हजार खोडं
आणि झाड एकच.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हसला होता.
अख्खा उतार एकाच्या नावावर,
आणि भाऊबंदकी नाही?
मग वनखात्याच्या रोवेनानं त्याला गुडघ्यांवर बसवलं,
हातभर माती उकरली,
दाखवलं मनगटाएवढं मूळ
या खोडाकडून त्या खोडाकडे निघालेलं,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

नर आहे म्हणे.
वय कोणी छातीठोक सांगत नाही,
नऊ हजार म्हणतात, सोळा म्हणतात, ऐंशीसुद्धा,
हिशेब करणारे दर वेळी नवे.
खोड शंभर-सव्वाशे वर्षांत कोसळतं.
मूळ सुतक पाळत नाही,
बाजूला कोंब काढतं.

पंचाईत आता कोंबांचीच आहे.
म्हातारी खोडं उभी, पांढरी, काळ्या डोळ्यांची,
आणि पायाशी पोरं नाहीत.
हरणं खातात. गुरं खातात.
गुरं कोणाची,
हे या खोऱ्यात कोणी कोणाला विचारत नाही.

एका खोडावर चाकूनं कोरलंय: ई. ओल्ड्रॉइड, १९३१.
आजोबांच्या मेंढ्या होत्या तेव्हा इथे, गवत कमरेएवढं.
साल वाढली तशी अक्षरंही सुजली,
आता नुसते काळे व्रण,
ज्याला ठाऊक आहे त्यालाच वाचता येणारे.
थेन जाता-येता हात लावतो,
तळव्याला पांढरी भुकटी लागते,
ती पँटला पुसतो.

वारा पडलाय. तरी वर पानं
पिंपळासारखी आपल्याआपण थरथरताहेत.

मंगळवारी वायव्येच्या कोपऱ्यात
जाळीवर पाइन आडवा झालेला,
आणि आत, गुडघाभर कोवळ्या कोंबांत,
गाय.
कानात पिवळा बिल्ला, एक्केचाळीस.
बिल्ला वाचायची गरजच नव्हती.
मार्चच्या वादळात जन्मली तेव्हा
हिला त्यानं स्वयंपाकघरात शेगडीपाशी निजवलं होतं,
बायकोच्या चांगल्या रजईत.
तिनं मान वर केली, ओळख दिली,
आणि तोंडातला शेंडा चावत राहिली.

रोवेनानं निळ्या फिती बांधलेले
अठ्ठावीस कोंब होते इथे.
त्यानं मोजले. नऊ.
पुन्हा मोजले.
शिवीही त्यांच्यात चालत नाही. तरी दिली,
गायीला की कोणाला, ते त्यालाही कळलं नाही.

गाय बाहेर हाकलली, पाइन कापला,
तार ताणून घेतली, बोट कापून घेतलं,
दुपार झाली.

गाडीत बसून वही उघडली.
तारीख. कोपरा. नुकसान. दुरुस्ती पूर्ण.
‘जनावर’ या रकान्यापाशी पेन्सिल अडली.
हरीण लिहिलं असतं तरी खपलं असतं,
हरणाला विचारायला कोण जातंय?

गाडी उभी होती तो रस्ताही
झाडाच्या मधूनच गेलेला,
डांबराखाली, चाकांखाली,
तेच ते मनगट.

गाय, त्यानं लिहिलं.
आणि पुढे, शिसं मोडेल इतकं दाबून:
माझी.

शुक्रवारी रोवेनानं वही वाचली.
बोलली काहीच नाही.
जाताना निळ्या फितीची एक गुंडाळी
त्याच्या डॅशबोर्डवर ठेवून गेली.