फ्रिज बोलतो तो सिनेमा

कुडचड्याला, सत्त्याऐंशी साली, दोन रुपयांत
बाझिलच्या व्हिडिओ हॉलमध्ये आम्ही तो पाहिला:
पोरगी सोडून जाते, पोरगा रडत फ्रिज उघडतो
आणि फ्रिज त्याला विचारतो, "जेवलास का?"

मध्येच कॅसेट अडकली.
बाझिल बोट घालून फीत गुंडाळत बसला
तोवर बाहेर भज्यांच्या गाड्यावर निकाल लागू लागले.

तेओफिल पोदेर म्हणाला, पैसे वसूल,
पण त्या पोराला कुणी पाव तरी द्यायला हवा होता.
खाणीवरच्या ट्रकवाल्यांना फ्रिज तेवढा पटला.
शिरोडकर मास्तर म्हणाले, याचा अर्थ काय?
आणि आत जाऊन पुढच्या रांगेत बसले.
व्हिएगसबाई मात्र चिडलेल्या:
सतराव्या वर्षीचं दुःख हे काय हसायचं?
त्यांचा धाकटा महिनाभर धड जेवत नव्हता,
गावाला ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही.

मला?
फ्रिज गाऊ लागला तेव्हा मी खुर्चीवरून घसरले.
शेजारी उल्हास घड्याळ बघत होता,
काळोखात हिरवे चमकणारे काटे.

"अगदीच खुळचट," तो पुलावर म्हणाला.
"कुठला भाग?"
"सगळाच."

खाली खनिजाचा बार्ज चालला होता,
लाल पाणी मागे टाकत, बिनघाईचा.
तो दिसेनासा होईस्तोवर आम्ही थांबलो.
मग उल्हास सावर्ड्याच्या बाजूला वळला,
मी घरी आले.

आमच्याकडे फ्रिज नव्हता. शिंकं होतं.
त्याच्याखाली उभी राहून
जरा वेळ वाट पाहिली.