दुसरी फेरी

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, कान-विभागाच्या मागे
माझी खोली. मे महिना. बाहेर शेहेचाळीस.
सेवकराम धकाते, वय एकोणसाठ, राहणार टिमकी,
धंदा कूलर-दुरुस्ती.
त्याच्या डोक्याला जेल लावून मी तारा चिकटवते.
तो विचारतो, "शॉक तर नाही नं बसत जी?"

पहिल्या फेरीत सांगायचं असतं : पडून राहा,
काहीच करू नका.
कानात टुक, टुक, टुक, मध्येच एखादा टिक.
पडद्यावर रेघ चालते
सुट्टीच्या दिवशी बोलावलेल्या शिपायासारखी,
टिक आला तरी मान वर करते न करते.

दुसऱ्या फेरीत हातात बटण द्यायचं.
टिक आला की दाबा.
आवाज तेच, तेवढेच, त्याच क्रमाने.
कानही तोच.
पण आता दोन टुकांमधली जागा
आधी गप्प होते,
इतवारीत नोटा मोजणारा शेठ
नुसता हात वर करून दुकान थांबवतो तशी.
आणि टिक आला
की रेघ उठून उभी राहते.

तीनशेच्या वर माणसं तपासली मी अशी.
दरवेळी खाली लिहिते, 'फरक आढळला',
सही करते, डबा उघडते.

तारा काढताना धकाते म्हणाला,
"बाई, तुमच्या कूलरची बेरिंग जाऊन राहिली.
ऐकू नाही येत का तुमाले?"
चार उन्हाळे मी त्या कूलरच्या तोंडाशी बसते.
नाही म्हणाले.
"ऐका नं. घर्र, घर्र, घर्र, मंग एक कट्.
तुम्ही म्हणाल्या काहीच करू नका,
म्हणून मी तेच ऐकत पडलो होतो."

त्याचा पहिला कागद मी पुन्हा काढला.
आळशी रेघ.
आळशी कसली, दुसऱ्या ड्युटीवर होती ती.
'काहीच करू नका' असं मी आजवर
कुणाकुणाला सांगितलं,
आणि ते सगळे काय करत होते?

दुपारभर मग कट्. कट्.
पुढच्या पेशंटचं नाव दोनदा विचारलं.

संध्याकाळी मानेवाड्याला, कणीक मळताना,
जुई रोजच्यासारखी ओट्याला टेकून
पाढे म्हणत होती.
नऊ साती चौसष्ट.
कणकेत माझा अंगठा
आपोआप दाबला गेला.
"त्रेसष्ट," मी म्हणाले.

जुई थांबली. बराच वेळ बघत राहिली माझ्याकडे.
"मी तर रोज चौसष्टच म्हणते," ती म्हणाली,
"आणि रोज तू हं म्हणतेस."