नंबर जुळत नाहीत

टॉडमॉर्डनला, कालव्याच्या कडेशी
क्लिफर्ड ऑग्डनची पत्र्याची शेड.
आत तीन गाड्या, एक हीटर,
आणि विकायची एकच.
कुठली, ते त्यानं अजून ठरवलेलं नाही.

मी वही आणलीय, रकाने आखून:
चासी नंबर, इंजिन नंबर, टाकीतला गंज,
क्रँकची सीलं, सायलेन्सर मूळचे की मागाहूनचे.
केतकी म्हणते, बाबा,
स्थळ बघायला आल्यासारखे दिसताय.

पहिली कावासाकी, पाचशेची, एकोणसत्तर सालची.
उजवीकडे दोन नळ्या, डावीकडे एक,
घाईत भांग पाडलेल्या पोरासारखी.
पुढचा ब्रेक म्हणजे नुसती विनंती.
‘हिनं इथली दोन माणसं नेली,’ क्लिफर्ड सांगतो,
‘दोघंही चांगले चालवायचे.’
टाकीवर हात ठेवला. गार होती.

दुसरी सुझुकी, साडेसातशे.
इंजिनाला पाणी लागतं म्हणून इकडे हिला किटलीच म्हणतात.
ऐसपैस बसलेली,
मानपानात काही राहिलं नाही ना, हे बघणाऱ्या आत्याबाईंसारखी.
बटण दाबलं की सुरू. आदळआपट नाही.
क्रोम अख्खं, कागदपत्रं अख्खी, किंमतही अख्खी.
संग्राहकानं घ्यावी तर हीच.
मी तसं लिहिलं. खाली रेघही ओढली.

तिसरी यामाहा.
तिच्याशी आलो आणि पेन खिशात गेलं.
हिची इकडची-तिकडची बहीण राजदूत,
मिरजेत, स्टेशन रोडला, रियाज मुजावरच्या गॅरेजात
महिनोन्‌महिने उभी असायची.
पेट्रोल पिते म्हणून मालक नेईना,
आणि मुजावर सोडेना.
तिचे प्लग पुसायचे दोन रुपये मिळत मला.
तिला पुढे डिस्क नव्हती. हिला आहे.
बाकी नाकडोळे तेच.

वाकून नंबर वाचले. टॉर्च धरून पुन्हा वाचले.
चासी एका सालची, इंजिन दुसऱ्याच.
‘जुळत नाहीत,’ मी म्हणालो,
‘बाजारात किंमत निम्मी होते.’
क्लिफर्डनं पँट वर ओढली, व्रण दाखवला.
‘हा गुडघासुद्धा माझा नाही. लीड्सला बसवला.
चढ चढतो. फक्त किक मारू देत नाही.
तू मार.’

पहिल्या किकला काही नाही.
दुसरीला खोकली.
तिसरीला शेडभर निळा धूर,
पत्रे थरथरले, हीटरवरचा मग सरकला,
केतकीनं स्कार्फ नाकावर घेतला,
मग हळूच खाली केला.
आणि तो वास, जळक्या तेलाचा, थोडा गोडसर.
माझ्या सतराव्या वर्षाचा एकमेव शर्ट
याच वासाचा होता.

धुरापलीकडे क्लिफर्डचे ओठ हलले.
मी मान डोलावली.

परतताना घाटात केतकीनं विचारलं,
कितीला?
ऐकू नाही आलं, म्हणालो.