लिफाफा क्रमांक सत्तेचाळीस

क्रुपाली लिफाफा कात्रीने फोडते, सरळ रेषेत,
जणू आत कुणाच्या घरचं पत्र आहे.
चिठ्ठीवर दोनच शब्द: न बघता.

म्हणजे आज छोटा पडदा झाकायचा.
हिरव्या कापडाची घडी टाकली त्यावर,
रात्री पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तशी.

बाहेर शनाभाई राठवा
कवांटच्या एसटीतून उतरल्यापासून उभेच आहेत.
मी समजावलं होतं: मास्क बसवायच्या दोन रीती,
एक कॅमेऱ्याने, एक बोटाने, कुठली बरी ते मोजतोय.
माझं गुजराती दांडिया बाजारातलं,
मराठीच्या फोडणीचं.
त्यांनी सगळं ऐकलं, अंगठा उठवला नीट, दाबून,
मग विचारलं, "जागशे ने, बेन?"
आमच्या फॉर्मात अठरा रकाने आहेत.
हा नाही.

जिगीषा. वय चार. पंधरा किलो दोनशे. हर्निया.
मुठीत सयाजीबागेतल्या छोट्या आगगाडीचं तिकीट, कालचं.
स्ट्रॉबेरीच्या वासाची भूल,
तीन श्वास रडण्याचे, चौथा हुंदक्याचा,
सातवा कुणाचाच नाही असा.
मूठ सुटते. तिकीट पडतं. मी खिशात टाकते.

दोन नंबरचा मास्क, पळीएवढा, मऊ.
तर्जनी टाळूच्या कमानीवरून आत,
वळण, किंचित अडखळ,
मग ती ओळखीची जागा, जिथे बोट म्हणतं: बस.
बावीस वर्षं मी त्या एका शब्दावर
लोकांची पोरं निजवली.

अकरा सेकंद.
छाती उचलते. मॉनिटरवर चौकोनी लाटा,
एकीमागून एक, कवायतीला निघाल्यासारख्या.
क्रुपाली लिहिते: पहिला प्रयत्न, यशस्वी.

मग नियमाप्रमाणे कापड काढलं.

गुलाबी, ओलं, उजेडात पहिल्यांदाच आलेलं.
आणि श्वासनळीवरचं ते पानाएवढं झाकण
मास्कच्या काठाखाली दुमडलेलं,
घाईत भरलेल्या दप्तरात वहीचा कोपरा दुमडतो तसं.
वाट अर्धीच.
तरी हवा जात होती,
तरी ऑक्सिजन नव्याण्णव.

क्रुपाली गुण लिहिते: चारपैकी दोन.
मला दिसतो मकरपुऱ्याचा टॉन्सिलचा मुलगा,
दोन दिवस घोगरा बोलला. त्याच्या आजोबांना मी म्हणाले होते,
"होतं असं."
किती पानं दुमडली असतील या बोटाखाली,
आणि सगळी उठली, घरी गेली, शेव-उसळ खाल्ली.
ती उठली ती माझ्यामुळे की
मी असूनही,
आता कुणाला विचारू?

मोजणी संपेपर्यंत हात लावायचा नव्हता. नाही लावला.
ती चाळीस सेकंदं फार लांब होती.
मग मास्क बोटभर मागे, पुन्हा आत,
या वेळी बघत.
पान उलगडलं.
आत दोन पांढरे तंतू,
कुणाची तरी हाक तिथे गप्प पडलेली.

"मॅडम, नंतर जागा बदलली, हे लिहू?"
"लिही. माझ्या नावासकट."

पाऊण तासाने खोकला, मग रडं,
मग तिच्या राठवी बोलीत एक लांबलचक तक्रार.
शब्द कळले नाहीत मला. मी फक्त आवाज ऐकत होते:
कुठे खरखर नाही.
तिने रिकामी मूठ उघडून दाखवली.

मी खिशात हात घातला.