जमादार सातेरी हुंदरे

निपाणीच्या वाचनालयात पुठ्ठा उसवलेली
चार आण्यांची पोलिसी कादंबरी.
पहिल्याच पानावर वाटलं, काहीतरी चुकलंय:
नायकाला ना वेषांतर, ना पिस्तूल.
शिवून शिवून जड झालेल्या वहाणा,
आणि साहेबापुढे अडखळणारी जीभ,
अर्धी मराठी, अर्धी कानडी.

तंबाखूच्या वखारीतून रोकडीची पेटी गेलेली.
चाळणीवरच्या अकरा बायका
उन्हात ओळीनं उभ्या.
शेठ ओरडतोय.
सातेरी राखणदाराशेजारी उकिडवा बसतो,
तंबाखू मळतो, अर्धी त्याला देतो.
"रात्री काय ऐकलास?"
"काय नाही, सायेब. कोण तरी शिंकला.
सात-आठ डाव."

जमादार उठतो.
बायकांना म्हणतो, घरी जावा.
या धुळीत वाढलेलं नाक
शिंकणं कधीच विसरलेलं असतं.

ओसरीवर गोकाकहून आलेला जावई
रुमाल शोधतोय.

शेवटचं पान कसरीनं खाल्लंय.
पंचनाम्याची एवढीच ओळ उरली:
"तपास राखणदार यल्लाप्पाच्या कानानं लागला."
खाली सहीच्या जागी भोक.

पुस्तक मिटलं, धूळ उडाली,
आणि मी शिंकलो.
टेबलामागच्या शिपायानं
हळूच मान वर केली.