डावा हात, मनगटापर्यंत

नळ स्टॉपच्या अलीकडे, चष्म्याच्या दुकानावर, दुसरा मजला.
साडेआठला मी खोली उघडते.
ऑक्सिजनचा काटा बघते, अंबू बॅग दाबून
तिचा रबरी श्वास गालावर घेते.
दाराची आतली कडी आम्ही काढून टाकली आहे,
स्क्रूची चार भोकं राहिलीत.
कुणी विचारलं तर सांगते, इथे दार फक्त लोटायचं.

आज रेवती बहिरट. वय सेहेचाळीस.
बारा वर्षं गोळ्या, तीन डॉक्टर,
एकदा गच्चीचा कठडा.
रात्रीपासून पोटात काही नाही.
घरात कुणाला आवाज ऐकू यायचे का,
हे मागच्याच आठवड्यात दोनदा विचारलं,
वेगवेगळ्या शब्दांत.
न्यायला भाऊ येणार. त्याचा नंबर लावून बघितला;
मार्केट यार्डात होता, मागे कांद्याचा लिलाव.

मग शेवटचा कागद.
औषधाआधी भरायचा, शुद्धीत, चष्मा लावून.
"घाबरलात तर हात धरू का?"
ती बराच वेळ मेट्रोच्या खांबाकडे बघत राहिली.
"डावा," म्हणाली. "मनगटापर्यंत."
मी तसंच लिहिलं. तिने सही केली.

डॉक्टर इनामदार मॉनिटरपाशी, मी उशाशी.
दोघं. कायम दोघं.
एकाला लघवीला जायचं तर आधी तिसरा आत येतो.

विसाव्या मिनिटाला म्हणाली, "खोलीला तळ नाहीये."
आणि मग
कुठल्या तरी लहान मुलीच्या आवाजात,
"मला कुशीत घे."

हात आपोआप पुढे होतात.
माझे झाले. अर्ध्यावर.
इनामदार काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

कागदावर कुशी नव्हती.
सकाळची रेवती माझ्या पाठीशी उभी होती, चष्मा लावून,
आणि ही आडवी, डोळ्यांवर पट्टी,
हिच्या तोंडून कोण मागतंय
ते हिलाही ठाऊक नसावं.
ऐकायचं दोघींचं होतं.
ऐकलं सकाळचीचं.

डावा हात. मनगटापर्यंत.
तेवढ्यात जेवढं मावेल तेवढं ठेवलं.
बोटांखाली नाडी एकशे बारा, एकशे चार,
खूप वेळाने नव्वद.
खाली कुणीतरी काचा घासत होतं.

दोन तासांनी चहा, बिस्किट बुडवून मोडलं.
"तुम्ही मला घेतलं नाहीत."
"नाही."
"फार राग आला होता."
"लिहू?"
"लिहा."
लिहिलं, वेळेसकट.
शुक्रवारी बसून बोलायचं ठरलं, औषधाशिवाय, नुसतं.
स्कूटरची किल्ली उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवून
ती भावाबरोबर रिक्षात बसली.

घरी पोचले तरी हात भरलेलेच होते.
धाकटीला जवळ ओढलं.
"आई, सोड ना, उद्या गणिताचा पेपर आहे."
सोडलं.