बारदान

चारशे अकरा दिवस.
कोपरखैरण्याच्या सेंटरात रेगे मॅडमनी
पाठकोऱ्या कागदावर मेंदू काढला होता, बटाट्यासारखा.
म्हणाल्या, ताण आला की इथून काहीतरी पाझरतं
आणि जुनी वाट आपोआप उजळते.
मी तुर्भ्याच्या मार्केटातला मापाडी.
मला बटाटा तेवढा समजला.

आज सहा गोणी कमी भरल्या.
शेठ सगळ्यांदेखत म्हणाला,
गर्दुल्ल्याला काट्यावर बसवलं, चूक माझीच.
मी बोललो नाही.
कानामागे तापलं. बोटं गार.

डबा उघडला.
प्रमिलाने चपात्या चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या, रोजच्यासारख्या.
चारशे अकरा दिवस तो चपातीचा कागद होता.
आज चमकला,
तोंडाला कडू पाणी सुटलं
आणि अंगठा त्याच्या सुरकुत्या मोडू लागला.
सपाट. अजून सपाट.

मी काही ठरवलं नव्हतं, हे लिहून ठेवा.
ठरवणारा जो कोण असतो
तो अजून शेठसमोर मान घालून उभा होता.

रिकामं बारदान ठेवून
आम्ही काटा शून्यावर आणतो.
शून्य दिसतं. बारदान असतंच.

पुलाखाली अस्लम असेल, पाच मिनिटांवर,
पायांना विचारायचीही गरज नाही.

कागद भेंडीच्या रश्शात बुडवला.
चोळामोळा करून कुत्र्यापुढे टाकला, त्याने चाटला.
मॅडमना फोन लावला. बिझी.
पुन्हा लावला.

अंगठा थांबत नाही.
पँटची मांडी, वजनाची पावती,
जे सापडेल ते
सपाट करत बसलाय.